स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या पुढाऱ्याची पारख कशी करायची?

सलाम ताई. तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमचे धाकटे दीर अमेरिकेत नोकरीला आहेत. गेली काही वर्षं ते शनिवार हा विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस म्हणून पाळणाऱ्या एका लहान मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जातात. अमेरिकन धर्मप्रचारक हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांच्या जुन्या मंडळीतून फुटून निघालेल्या गटांपैकी ती एक. तिचा पुढारी स्वतःला शेवटच्या काळातला संदेष्टा म्हणवतो. प्रभूच्या येण्याची एक तारीख त्याने दिली होती, ती गेली. आता येत्या पेन्टेकॉस्टची, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाची दिली आहे. भावजींनी नाताळ सोडला, पगारातला मोठा वाटा मंडळीला जातो, आणि सासूबाईंनी काही विचारलं की "देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका" एवढंच उत्तर मिळतं. तुम्ही स्वतः विश्वासातल्या. म्हणून तुमच्या मनात दोन काटे एकदम टोचताहेत: आपण खरंच देवाच्या माणसाला नाकारत तर नाही ना, आणि भावजींशी बोलायचं तरी कसं?

मी मराठी मंडळीत अनेक वर्षं पाळकाचं काम केलं. निवृत्तीनंतर माझा बराचसा वेळ अशा घरांशी बोलण्यात जातो. त्या अनुभवावरून सांगतो की "हा माणूस खरा संदेष्टा आहे का" या प्रश्नापासून सुरुवात केली तर तुम्ही भावजींशी आयुष्यभर वचनांची देवाणघेवाण करत बसाल. ते एक वचन दाखवतील, तुम्ही दुसरं दाखवाल. मी त्याआधी दुसरा प्रश्न विचारतो: या माणसाचा शब्द चुकला तर "तुमचं चुकलं" असं त्याला सांगण्याचा अधिकार त्या मंडळीत कुणाला आहे? माझं पुढचं सगळं उत्तर याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

तुम्ही मंडळीचं नाव दिलेलं नाही, आणि ते बरंच केलंत. म्हणून त्या विशिष्ट पुढाऱ्याबद्दल मी निवाडा देत नाही. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. भावजी एकटे आहेत की बायकामुलांसह, मंडळीत लग्न जमवलंय का, घर किंवा साठवलेले पैसे दिले आहेत की नुसता दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग), मुलांच्या औषधपाण्यात मंडळी ढवळाढवळ करते का, यावर तुम्ही किती घाई करायची ते ठरेल.

आधी जे धोक्याचं लक्षण नाही ते बाजूला काढू, कारण घरातले लोक नेमके तिथेच अडकतात. शनिवार पाळणं हा गुन्हा नाही. आपल्या कोकणात बेने इस्राएल या ज्यू लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला, तेल गाळण्याच्या धंद्यामुळे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पुण्यात औंधला ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं स्पायसर विद्यापीठ आहे, तेही शनिवार पाळतात. त्यांच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एलन व्हाइट यांना संदेष्टेपणाचं दान होतं असं ॲडव्हेंटिस्ट मानतात. मी मानत नाही. पण त्यांच्या मंडळीचा कारभार निवडून दिलेल्या परिषदा चालवतात, एका माणसाच्या स्वप्नावर तो चालत नाही. नाताळ न पाळणारे, बायबलमधला मंडपांचा यहूदी सण पाळणारे, डुकराचं मांस न खाणारे ख्रिस्ती लोकही पुष्कळ आहेत, आणि त्यांत अतिशय प्रामाणिक माणसं आहेत. सासूबाईंना नाताळाचं दुःख होणं मला समजतं. तरी त्यावरून भावजींशी वाद घालू नका. तो वाद ते जिंकतील, कारण पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये खरंच नाही.

आता हा गट आला कुठून ते पाहू. आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८९२ चा. मूळचे ते जाहिरातीच्या धंद्यातले. १९३४ मध्ये ओरेगॉन राज्यात त्यांनी रेडिओवर प्रवचनं सुरू केली आणि 'प्लेन ट्रुथ' हे मासिक काढलं. ते फुकट मिळायचं, आपल्याकडेही टपालाने येत असे. जुन्या पिढीतल्या काही ख्रिस्ती घरांना ते आठवत असेल. पुढे पॅसाडेनाला कॉलेज झालं आणि मंडळीचं नाव वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड पडलं. शिकवण ठरावीक होती: शनिवार, मोशेच्या नियमशास्त्रातले सण, एकाहून अधिक दशमांश, त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीला) नकार, आणि ब्रिटन व अमेरिका हेच इस्राएलचे हरवलेले वंश हा सिद्धान्त.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. बायबलमधला एफ्राइम म्हणजे ब्रिटन आणि मनश्शे म्हणजे अमेरिका हे गृहीत धरूनच त्यांची सगळी भविष्यवाणी उभी आहे. म्हणूनच त्यांच्या प्रवचनांत इंग्रजी बोलणाऱ्या देशांवर येणारं संकट हा मुख्य विषय असतो. इतिहास, भाषाशास्त्र किंवा वंशशास्त्र यांपैकी कशाचाही या कल्पनेला आधार नाही. आपल्या मराठी माणसाने त्या नकाशात स्वतःची जागा कुठे शोधायची, हा प्रश्न भावजींना कधीतरी शांतपणे विचारण्यासारखा आहे.

तारखांचं म्हणाल तर आर्मस्ट्राँग यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुसोलिनीत प्रकटीकरणातला, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, देवाविरुद्ध उठणारा पशू पाहिला. १९५६ मध्ये त्यांनी १९७५ या सालाबद्दल एक पुस्तिकाच काढली. त्यात भीषण दुष्काळ होता, रोगराई होती, आणि युरोपातल्या संघटित सत्तेकडून अमेरिका-ब्रिटनचा पाडाव होता. विश्वासू लोकांनी १९७२ मध्ये जॉर्डनमधल्या पेट्राला पळून जायचं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हे १९७२ कुठून आलं? जानेवारी १९५३ मध्ये त्यांचं प्रसारण रेडिओ लक्झेंबर्गवरून युरोपात सुरू झालं, तिथून १९ वर्षांचं एक चक्र मोजलं की १९७२ येतं. स्वतःच्या संस्थेच्या इतिहासातली एक घटना घ्यायची, तिला बायबलमधल्या एखाद्या चक्राशी जोडायचं आणि जगाच्या अंताची तारीख काढायची, ही पद्धत पुढे सगळ्या फुटीर गटांत उतरली. भावजींच्या पुढाऱ्याने पेन्टेकॉस्टची तारीख कशी मोजली ते एकदा ऐका. त्यात बायबलमधले आकडे किती आणि त्याच्या मंडळीतल्या घटना किती, हे कागदावर वेगळं काढा. आकडेमोडीचा आरंभ बहुधा मंडळीतल्याच एखाद्या घटनेत सापडतो.

आर्मस्ट्राँग जानेवारी १९८६ मध्ये वारले. "मी संदेष्टा नाही" असं ते म्हणत, प्रेषित मात्र म्हणवून घेत. त्यांच्यामागे जोसेफ टकाच आले आणि त्यांनी एकेक शिकवण बायबलशी ताडून पाहायला सुरुवात केली. १९९४ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर सांगितलं की जुन्या कराराचं शनिवारचं आणि दशमांशाचं बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. मंडळी उभी फुटली. हजारो लोक बाहेर पडले आणि त्यांतून लहानमोठे शेकडो गट तयार झाले.

इथे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट घडते. या गटांची शिकवण जवळजवळ एकच आहे. सण तेच, दशमांश तेच, हरवलेल्या वंशांचा सिद्धान्त तोच. मग सभासदाने या गटात का यावं, त्या शेजारच्या गटात का जाऊ नये? शिकवणीवरून फरक दाखवता येत नाही म्हटल्यावर पुढाऱ्याच्या पदावरून दाखवावा लागतो. कुणी म्हणतं मी आर्मस्ट्राँग यांचा खरा वारस, कुणी म्हणतं मी प्रेषित, कुणी म्हणतं मलाखीच्या शेवटच्या अध्यायातल्या एलिया संदेष्ट्याचं काम माझ्याकडे आहे. गट जितका लहान आणि शेजारच्या गटांशी स्पर्धा जितकी जास्त, तितकं पद मोठं करण्याचं दडपण अधिक. यातली सगळीच माणसं लबाड असतात असं मी म्हणत नाही. काहींना खरोखर तसं वाटत असतं. पण त्या माणसाच्या मनात काय आहे हे आपल्याला दिसत नाही. ज्या रचनेने त्याला संदेष्टा बनवलं ती रचना मात्र स्पष्ट दिसते.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही जाहीर नोंदीतली आहेत. गेराल्ड फ्लरी यांना जुन्या मंडळीने १९८९ मध्ये काढून टाकलं आणि त्यांनी ओक्लाहोमातल्या एडमंड इथे फिलाडेल्फिया चर्च ऑफ गॉड सुरू केलं. आर्मस्ट्राँग यांचं लिखाण जुन्या मंडळीने छापणं थांबवलं तेव्हा फ्लरींच्या मंडळीने ते छापायला घेतलं. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली, आणि शेवटी २००३ मध्ये तडजोडीने ३० लाख डॉलर मोजून त्यांनी १९ लिखाणांचे हक्क घेतले. वारस असल्याचा दावा किती मोलाचा असतो ते यावरून दिसतं. फ्लरी स्वतःला योहान १:२१ मधला 'तो संदेष्टा' मानतात. आता ते वचन काढून वाचा. यहूदी लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, तू तो संदेष्टा आहेस काय? तो म्हणतो, नाही. मोशेने ज्याच्याबद्दल सांगितलं होतं तो हा संदेष्टा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ३ मध्ये पेत्र मोशेचं तेच वचन येशूला लावतो. पेत्राने जे येशूला लावलं ते एकविसाव्या शतकातल्या कुणा पुढाऱ्याला लावता येईल का? माझं उत्तर ठामपणे "नाही" असंच आहे.

दुसरं उदाहरण रोनाल्ड वाइनलँड यांचं. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायातले दोन साक्षी म्हणजे मी आणि माझी पत्नी, असं त्यांनी जाहीर केलं. २००८ मध्ये शेवटची संकटं सुरू होणार होती. मग ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख २७ मे २०१२ ठरली, तोही पेन्टेकॉस्टच. तो दिवस गेला. तेव्हा सांगितलं गेलं की प्रभूचा 'दिवस' म्हणजे एक वर्ष, आणि तारीख १९ मे २०१३ वर गेली. दरम्यान जून २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात करचुकवेगिरीच्या पाच आरोपांवर ते दोषी ठरले. स्वित्झर्लंडमधलं बँक खातं लपवल्याची बाबही त्या खटल्यात होती. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. १९ मे २०१३ रोजी ते तुरुंगात होते. नंतर २०१९ ची तारीख आली, तीही गेली. ताई, हे वाचून भावजींच्या पुढाऱ्यालाही त्याच रांगेत बसवू नका. तारीख चुकल्यावर काय बोललं जातं ते कान देऊन ऐकता यावं म्हणून मी हे एवढं लिहिलं.

तारीख चुकल्यावर जी उत्तरं येतात ती मला आता पाठ झाली आहेत. एक, ते आत्मिक अर्थाने घडलं, डोळ्यांना दिसलं नाही. दोन, हिशोबात चूक झाली, पण तत्त्व बरोबर आहे. तीन, मंडळीची तयारी नव्हती म्हणून देवाने थांबवलं. म्हणजे दोष ऐकणाऱ्यांचा. चार, जुन्या करारातल्या योना संदेष्ट्याने निनवे शहराचा नाश सांगितला होता, तोही झाला नाही, मग योना खोटा होता का?

चौथं उत्तर ऐकायला वजनदार वाटतं, म्हणून त्याचा विचार करू. यिर्मया १८ मध्ये देव स्वतः सांगतो की एखाद्या राष्ट्राच्या नाशाचा मी निर्णय केला आणि ते राष्ट्र फिरलं तर मीही माझा निर्णय बदलीन. न्यायाचा इशारा असा सशर्त असतो. निनवेच्या राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट नेसलं, म्हणजे काय बदललं ते सगळ्यांना दिसलं. ख्रिस्ताच्या येण्याची तारीख हा तसा इशारा नाही. आणि त्या दिवसाबद्दल मत्तय २४:३६ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो की तो पित्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. ज्याने तारीख दिली त्याने ती चुकण्याच्या आधीच या वचनाची मर्यादा ओलांडली.

जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली १८:२२ ची कसोटी तुम्हाला माहीतच आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलं आणि घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे. त्या वचनाचा शेवट लोक विसरतात. तिथे लिहिलंय, त्या माणसाला भिऊ नका. तुमच्या सासूबाईंना हे शेवटचे शब्द वाचून दाखवा.

भावजी कदाचित उलटा मुद्दा काढतील, की त्यांची पुष्कळ भाकितं खरी ठरली. जर्मनी पुन्हा एक होईल असं आर्मस्ट्राँग म्हणत आणि १९९० मध्ये ती झाली, हे या गटांमध्ये नेहमी सांगितलं जातं. ते म्हणत हे खरंच आहे. पण ते एकीकरण अमेरिका आणि ब्रिटन गुलाम होण्याच्या कथेचा एक भाग होतं, आणि ती कथा १९७५ च्या आत संपायची होती. मोठ्या चुकलेल्या भाकितातला एक तुकडा खरा ठरला म्हणून भाकीत खरं होत नाही. शिवाय अनुवाद १३ आणखी पुढे जातो: चिन्ह खरं ठरलं तरी माणूस तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. जुन्या करारात एक अचूक भाकीत म्हणजे संदेष्टेपणाचा परवाना असं कुठेच नाही.

आता भावजींच्या उत्तरामागच्या 'अभिषिक्ताला हात लावू नका' या वचनाबद्दल. ते स्तोत्र १०५ मध्ये आहे. तिथे बोलणं अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल चाललंय. परक्या देशात भटकणाऱ्या या मूठभर लोकांना राजांनी इजा करू नये, असा त्याचा अर्थ. पुढाऱ्याला प्रश्न विचारू नये असा अर्थ त्या स्तोत्रात कुठून आणणार? दाविदाने शौल राजाला ठार मारलं नाही कारण शौल अभिषिक्त होता. पण गुहेबाहेर उभं राहून "तू माझ्यावर अन्याय करतोस" हे त्याने मोठ्याने सांगितलं. नाथान संदेष्टा अभिषिक्त दाविदासमोर त्याचं पाप दाखवायला उभा राहिला. पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहून ठेवलं. तेव्हा सासूबाईंनी आपल्या मुलाला साधा प्रश्न विचारणं हे अभिषिक्ताविरुद्ध बोलणं होत नाही.

संदेष्टेपणाच्या दानावर माझा स्वतःचा विश्वास आहे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे आत्मिक जागरण झालं, त्याचा आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला अभिमान वाटावा. अनोळखी भाषांत बोलणं, रडणं, प्रार्थना, सगळं तिथे झालं. तरी रमाबाईंनी प्रीती हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं मुख्य चिन्ह मानलं, आणि त्या जागरणाच्या जोरावर स्वतःला कुठल्या पदावर बसवलं नाही. पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन्ही सांगतो: संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा. करिंथकरांना तो म्हणतो, दोघातिघा संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा. म्हणजे बोलणारे एकाहून अधिक, आणि तपासणारे बोलणाऱ्यांहून वेगळे.

पहिल्या शतकांतल्या मंडळीला या फसवणुकीचा चांगला अनुभव होता. 'डिडाखे' नावाचं प्रेषितांच्या शिकवणीचं एक अतिशय जुनं लिखाण १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं. फिरत्या प्रेषितांबद्दल त्यात नियम आहेत. प्रेषित आला तर त्याचा प्रभूसारखा स्वीकार करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नका, मात्र दुसऱ्या गरजूसाठी मागितले तर त्याला दोष देऊ नका. किती सरळ, किती पारखलेली नजर आहे ही! दुसऱ्या शतकात फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानात) मोंतानूस आणि त्याच्याबरोबरच्या दोन संदेष्ट्या निघाल्या. त्यांच्यातली माक्सिमिल्ला लढाया आणि उलथापालथी होणार असं सांगून गेली. तिच्या मृत्यूला १३ वर्षं उलटली तरी जगात शांतता आहे, असं त्या काळच्या एका लेखकाने नोंदवलं आणि इतिहासकार युसेबियसने ते जपून ठेवलं. सांगितलं काय आणि घडलं काय याची लेखी नोंद ठेवणारी माणसं मंडळीत तेव्हाही होती.

म्हणून मी पुन्हा माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. भावजींच्या मंडळीत पुढाऱ्याला कोण नेमतं, कोण काढू शकतं? वडील मंडळ आहे का, आणि ते त्यानेच नेमलेलं आहे का? मागची तारीख चुकली तेव्हा व्यासपीठावरून "मी चुकलो, मला क्षमा करा" हे शब्द उच्चारले गेले का? त्याच परंपरेतल्या १९९५ च्या युनायटेड चर्च ऑफ गॉडचा कारभार वडिलांनी निवडलेलं मंडळ चालवतं. त्यांची शिकवण मला पटत नाही, पण तिथे एका माणसाच्या शब्दाला कुणीतरी अडवू शकतं. आणि मूळ मंडळीने तर याहून कठीण गोष्ट केली. १९९६ मध्ये जोसेफ टकाच यांचे चिरंजीव धाकटे टकाच यांनी त्याच 'प्लेन ट्रुथ' मासिकात जाहीर क्षमा मागितली: चुकीच्या शिकवणीबद्दल, लोकांवर लादलेल्या ओझ्याबद्दल, मोडलेल्या घरांबद्दल. त्यांचं उत्पन्न कोसळलं, निम्म्याहून अधिक लोक गेले. तरी त्यांनी ते छापलं. भावजींना टीकेचे लेख पाठवण्याऐवजी ही घटना सांगा, कारण ती त्यांच्याच वंशावळीतली आहे.

पैशाबद्दल थोडं. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी सरकारकडे जमाखर्चाचं विवरण भरावं लागतं आणि ते कुणालाही पाहता येतं. चर्चना त्यातून सूट आहे. म्हणजे मंडळीने आपणहून हिशोब दाखवला नाही तर सभासदाला तो कळण्याचा सोपा मार्ग नाही. या परंपरेत पहिला दशमांश मंडळीला, दुसरा सणांच्या खर्चासाठी, आणि काही गटांत ठरावीक वर्षी तिसराही असतो, वर अर्पणं वेगळी. भावजी किती देतात हे विचारू नका, ते त्यांना अपमानाचं वाटेल. "तुम्हाला वर्षअखेर तपासलेला हिशोब मिळतो का?" एवढं विचारा. तारखेच्या आधी घर विकायला, निवृत्तीचे पैसे काढायला किंवा कर्ज काढून द्यायला सांगितलं जात असेल तर मात्र तुमच्या यजमानांनी भावाशी स्पष्ट बोललंच पाहिजे, आणि लवकर.

बोलायचं कसं? पहिलं, 'पंथ', 'वेड', 'ब्रेनवॉश' हे शब्द घरात बंद करा. परदेशात एकटा असलेला माणूस अशा मंडळीत मूर्खपणामुळे जात नाही. तिथे त्याला दर शनिवारी वाट पाहणारी माणसं मिळतात, बायबलचा कसून अभ्यास मिळतो, आठ दिवसांच्या मंडपांच्या सणात घरच्यासारखा गोतावळा मिळतो. हे खरं सुख आहे आणि ते सोडताना होणारी वेदनाही खरी असते. दुसरं, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा. मला सगळ्यांत उपयोगी पडलेला प्रश्न असा: "भावजी, काय घडलं तर तुम्ही म्हणाल की हा माणूस चुकला?" ते म्हणतील, असं काही घडणारच नाही. ठीक आहे. मग म्हणा, "तरी लिहून ठेवू या का? तारीख आणि काय होणार ते, तुमच्याच अक्षरात. कागद तुमच्याकडेच राहू द्या." त्यावर वाद घालू नका. स्वतःच्या हाताने लिहिलेलं वाक्य नंतर आत्मिक अर्थाने वळवणं माणसाला जड जातं. तिसरं, प्रश्न तुमच्या यजमानांनी विचारावेत. सासूबाईंनी फक्त आईचं बोलावं: जेवलास का, थंडी आहे का, पोरं कशी आहेत. आईच्या फोनमध्ये मंडळीचा विषय येतच नाही, हे भावजींना कळू द्या. तो फोन त्यांना हवाहवासा राहिला पाहिजे.

संबंध तोडण्याच्या भीतीबद्दल. फ्लरींच्या मंडळीसारख्या काही गटांत मंडळी सोडून गेलेल्यांशी, मग ते आईवडील असोत की मुलं, संबंध ठेवू नयेत अशी सक्त शिकवण आहे. तुमच्या घरातलं कुणी कधी त्यांचं सभासद नव्हतं, म्हणून हा नियम असला तरी तो तुम्हाला सहसा लागू होणार नाही. बाहेरच्यांशी बोलणं तुटतं ते बहुधा भांडणांमुळे, आणि ते तुमच्या हातात आहे. एक अपवाद कधीही सांभाळून घेऊ नका: मुलांना डॉक्टरकडे न नेणं. आर्मस्ट्राँग यांच्या मंडळीत एके काळी डॉक्टर आणि औषध म्हणजे अविश्वास अशी शिकवण होती, आणि काही फुटीर गटांनी ती सोडलेली नाही. मूल आजारी आहे आणि उपचार होत नाहीत असं कळलं तर नात्याची पर्वा न करता तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.

राहिली ती पेन्टेकॉस्टची तारीख. त्या दिवशी फोन करू नका, आदल्या दिवशीही नको. ती रविवारी येते आणि ते दिवसभर मंडळीबरोबर असतील. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या वेळेनुसार सासूबाईंनी फोन करावा, नेहमीसारखा. तारखेचा उल्लेख नको, "आम्ही म्हणत होतो" तर मुळीच नको. तारीख चुकल्यानंतरचे पहिले काही आठवडे नाजूक असतात. याच काळात माणूस एकतर आणखी घट्ट चिकटतो किंवा पहिल्यांदा कुणालातरी मनातलं सांगतो. तुमचे यजमान त्या महिन्यात आठवडाभराची रजा काढून तिकडे जाऊ शकत असतील तर तिकीट आत्ताच काढा, आणि भावजींनी कारण विचारलं तर भेटायला येतोय एवढंच सांगा.